चौदा नंबरचा बेडूक

वाघिवडे नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका गुरुवारी दुपारी फोनवर आली आणि प्रभाग सहाच्या नगरसेविका हर्षदा शिवलकर नेहमीप्रमाणे ती नाक्यावरच्या दुकानातून कागदावर छापून घेऊन आली. बाकीचे सदस्य पडद्यावर बोट फिरवून मोकळे होत. हर्षदाला कागद लागे. पडवीत चटई टाकायची, लाल पेन घ्यायचं आणि तांदूळ निवडावेत तसा एकेक विषय निवडायचा, ही तिची चौदा वर्षांची सवय.

पहिला विषय, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. दुसरा, मासळी बाजाराचं छप्पर. ते तीन सभा गळत होतं आणि चौथ्या सभेतही गळणार अशी चिन्हं होती. तिसरा, जेट्टीवरचे दिवे. चौथा, तिठ्याला नाव देणे. म्हणजे दोन तास गेलेच. पाचवा, कब्रस्तानची पडलेली भिंत. इथे तिने लाल खूण केली. सहावा, बंदरावर चालकाविना धावणाऱ्या गाड्यांना थांबा देणे.

रविवारी दुपारी चारला हे सगळं ती अंगणात मोठ्यानं वाचणार होती. दर महिन्याला, सभेच्या आधीच्या रविवारी, प्रभागातल्या तीसेक बायका जमत. हर्षदा वाची, बायका बोलत, भांडत, हसत, आणि त्या जे म्हणत तेच गुरुवारी सभागृहात मांडलं जाई. 'शिवलकरीणबाईंची धाकटी नगरपरिषद' असं विरोधक कुचेष्टेनं म्हणत. बायका ते अभिमानानं सांगत. वाचन संपलं की परातभर दडपे पोहे. पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, कोथिंबीर, शहाळ्याच्या पाण्याचा हबका. सगळं हातानं कालवून, वर ताट घालून दडपलेलं. चुलीचा संबंध काय तो फोडणीपुरता. पलीकडच्या आळीतली विजूकाकी कीर पोळ्या लाटता लाटता ओव्या रचायची, त्यातली एक या वाचनावर होती:

नळाला आलं पाणी ग, सात वेळा केली अर्जी
हर्षदाच्या अंगणात ग, ठरते राजाची मर्जी

हर्षदानं पान उलटलं. विषय क्रमांक सात.

'भूमिगत गटार योजनेतील चेंबर क्र. १४ येथील सांडपाण्यात विषमज्वराचे जिवाणू सातत्याने आढळून येत असल्याने, सदर चेंबरवरील एकमेव मालमत्ता, श्रीमती विजया कीर यांचे घर व त्यातील पोळी-भाजी केंद्र, यांपैकी केंद्र सहा महिन्यांकरिता बंद करणेबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे.'

पंधरा दिवसांपूर्वी काकीला नोटीस आली तेव्हा हर्षदा तिला म्हणाली होती, "मी बघते." तिला वाटलं होतं, कागद आहे, फिरेल आणि फाइलमध्ये झोपेल. आता तो विषय होऊन आला होता. पेन 'एकमेव' या शब्दावर थांबलं.

चौदा नंबरवर एकच घर नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी गटारं जमिनीखाली गेली तेव्हा हर्षदाच्या घराची लाइन समोरच्या चेंबरला चढेना. घर सखल, रस्ता उंच. तिनं काकीला विचारलं होतं, "तुमच्या परसातून नेऊ का?" काकी म्हणाली होती, "ने गो, त्यात काय!" ठेकेदारानं एका दुपारी पाइप जोडला. अर्ज नाही, मंजुरी नाही, नकाशावर रेघ नाही. पुढे कायदा कडक झाला. विनापरवाना जोडणी निघाली तर साध्या माणसाला दंड, पण सदस्याचं पद जातं. हर्षदा तेव्हाही सदस्य होती.

पण आपण तर ठणठणीत आहोत, असं मनाशी म्हणत ती उठली आणि नगरपरिषदेत गेली.

आरोग्य अधिकारी डॉक्टर सानिया काझी कब्रस्तानामागच्या मोहल्ल्यातलीच मुलगी. शाळेत असताना हर्षदाच्या अंगणातल्या जांभळावर चढायची. आता तिच्या टेबलामागच्या भिंतीवर गावाच्या गटारांचा नकाशा होता, आणि त्यावर पंचेचाळीस हिरवे ठिपके आणि एक तांबडा.

"डॉक्टर, विजूकाकीच्या पोळ्या सगळं गाव खातं. मी खाते, तुम्ही खाता."

"आजही खाल्ल्या," सानिया म्हणाली. "म्हणून तर घास अडकतो, ताई."

"मग हा विषय कसा आला?"

"बेडकानं आणला."

गटारात बसवलेल्या यंत्राला सरकारी नाव लांबलचक होतं, पण गावानं त्याला पहिल्याच आठवड्यात बेडूक केलं. चपलेच्या खोक्याएवढं, हिरवं, चेंबरच्या भिंतीला चिकटून बसलेलं. दर तासाला ते सांडपाण्याचा एक घोट घेतं. घोटातले जिवाणू, विषाणू फोडतं, आणि त्यांच्या जनुकांच्या लांबच लांब अक्षरमाळेत ठरावीक ओळ शोधतं. ओळ सापडली की तिच्या प्रती काढत जातं, एकीच्या दोन, दोनाच्या चार, तासाभरात कोट्यवधी. मग तो थेंब चमकतो आणि भिंतीवरचा ठिपका तांबडा होतो. पटकी, कावीळ, विषमज्वर, माणूस दवाखान्यात जाण्याआधी बेडकाला कळतं. एप्रिलमध्ये बेडूक बसले. मेमध्ये त्यांनी कावीळ पकडली, पाण्याची फुटकी वाहिनी दुरुस्त झाली, आणि साथ दारातूनच परत गेली. त्या सभेत अभिनंदनाचा ठराव हर्षदानंच मांडला होता.

"विषमज्वराची गोष्ट वेगळी आहे," सानिया म्हणाली. "ताप येतो, जातो. पण शंभरात दोन-तीन माणसांच्या पित्ताशयात हे जिवाणू घर करतात. खडे असतील तर त्या खड्यांवर शेवाळासारखा थर धरतात. माणसाला काही म्हणजे काही होत नाही. वर्षानुवर्षं. फक्त अधूनमधून ते बाहेर पडतात. हात कितीही धुतले तरी कधीतरी नखाखाली राहतात. पूर्वी औषधानं भागायचं. आता जी जात आहे तिला बहुतेक औषधं लागू पडत नाहीत. आठ महिन्यांत अकरा जण पडले; त्याआधीच्या तापांचे ठसे कोणी जुळवलेच नाहीत. लस लहानांना मिळाली होती, मोठ्यांची राहून गेली. अकराही जणांच्या जिवाणूंचा ठसा चौदा नंबरच्या बेडकाशी जुळतो. मंदा बोरकरांची ईश्वरी तर बघताच आहात. आतड्याला भोक पडलं."

मंदाची लेक ईश्वरी एकोणीस वर्षांची. बावीस दिवसांपासून कोल्हापूरच्या दवाखान्यात होती.

"काकीची तपासणी केलीत?"

"दोनदा. काही निघालं नाही. पण रोज थोडेच बाहेर पडतात? त्यामुळे नाही निघालं म्हणजे नाहीत, असं मला लिहिता येत नाही. चेंबरवर घर एकच. आणि अकरापैकी नऊ जणींनी फॉर्ममध्ये काकीच्याच पोळ्या लिहिल्या आहेत." सानियानं फॉर्म पुढे केला. प्रश्न साधा होता: गेल्या तीन आठवड्यांत घराबाहेरचे काय खाल्ले?

"पण एक गोष्ट मला छळते, ताई. हे बघा." तिनं पडद्यावर तारखा मांडल्या. "पोळ्या रोज जातात, आणि तव्यावरून उतरून जातात. आचेत जिवाणू राहत नाहीत. आणि ताप मात्र महिन्यातून एकदा उठतो. एप्रिलच्या अखेरीस दोघी. मेच्या अखेरीस दोघी. जून-जुलै कोणीच नाही. ऑगस्टअखेर पुन्हा. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. काकीकडे महिन्यातून एकदा होतं तरी काय?"

हर्षदा तारखा बघत राहिली. जिवाणू पोटात गेल्यापासून ताप यायला दहा-बारा दिवस लागतात, हे सानियानंच मागे सभेत समजावून सांगितलं होतं. तिनं प्रत्येक तारखेतून मनातल्या मनात बारा दिवस वजा केले. रविवार. पुन्हा रविवार. पुन्हा रविवार.

"जून-जुलैत आचारसंहिता होती," ती म्हणाली.

"काय?"

"पोटनिवडणुकीची. दोन महिने सभा नव्हती."

"त्याचा पोळ्यांशी काय संबंध?"

"काही नाही," हर्षदा म्हणाली, आणि उठली.

जिना उतरताना तिनं हिशेब लावला. सभा नव्हती म्हणून विषयपत्रिका नव्हती. विषयपत्रिका नव्हती म्हणून वाचन नव्हतं. अकरा बायकांनी फॉर्म खरा भरला होता. विकतच्या पोळ्या बाहेरच्या. त्या त्यांनी आठवून आठवून लिहिल्या. हर्षदाताईकडचे पोहे कोणीही लिहिले नव्हते. ते घरचे होते.

कर भरण्याच्या खिडकीसमोरच्या बाकावर ती बसली. नवरा जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी. लेक बंगळुरूला. त्या घरात राहणारं, त्या पाइपात पाणी सोडणारं माणूस एकच. अकरा वर्षांची असताना तिला मुदतीचा ताप, म्हणजे हाच विषमज्वर, आला होता, एकवीस दिवस. आई चमच्यानं पेज भरवायची. आणि दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफी करणारा सहज म्हणाला होता, पित्ताशयात खडे दिसतात, त्रास नसेल तर राहू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विजूकाकीकडे गेली. केंद्रात तीन पोळपाट असत. आज एकच चालत होता आणि त्यावर काकी स्वतः होती.

"बाकीच्या दोघी?"

"दोघींना म्हटलं, घरी बसा. ऑर्डरी नाहीत तर लाटायचं काय, हवा?" काकीनं पोळी तव्यावर टाकली. "शाळेचा डबा बंद, बँकेचा बंद. काल तो मेला पोस्टातला म्हणतो, काकी, जरा पोट बिघडलंय. मी म्हटलं, अरे, पोट नाय तुझं, कान बिघडलेत. बस गो."

हर्षदा बसली नाही. "काकी, चौदावर माझीही लाइन आहे, ते डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं कुठे? नकाशा बघत आले, नकाशा बघत गेले."

"नोटीस हातात पडली तरी?"

काकीनं पोळी उलटली. फुगली, वाफ सुटली. "सांगितलं असतं तर तुझी खुर्ची गेली असती. मी परसातून पाइप नेऊ दिला, तेव्हा शब्द दिला तो दिला." मग तव्याकडेच बघत ती म्हणाली, "आणि मला वाटलं, तू सांगशील. पंधरा दिवस झाले, मी वाटच बघत होते गो."

हर्षदा आता खाली बसली.

"काकी, ते माझ्यातच आहे. बहुतेक. पोह्यांतून गेलं."

लाटणं थांबलं. हर्षदानं रविवार, तारखा, आचारसंहिता, खडे, सगळं सांगितलं. शेवटी काकीनं एवढंच विचारलं, "ईश्वरी तर त्या रविवारी आलीच नव्हती. परीक्षा होती ना?"

"नव्हती आली. मी मंदाबरोबर डबा दिला."

तव्यावरची पोळी करपली. काकीनं ती चिमट्यानं काढून बाजूला ठेवली. "आधी तपासून घे," ती म्हणाली. "उगाच आधीच रडू नको. माझे दोनदा नमुने घेतले, लाज वाटली होती मला. तुलाही वाटेल. जा, नमुना देऊन ये."

हर्षदानं शुक्रवारी नमुना दिला. सानियानं तो घेताना काही विचारलं नाही. तिनं बहुधा रात्रीतून आचारसंहितेचा अर्थ लावला होता. शनिवारी सकाळी तिचा फोन आला.

"पहिल्याच नमुन्यात निघाले, ताई. ठसा तोच. तुमचा काही दोष नाही हे डॉक्टर म्हणून सांगते. कुणालाच कळलं नसतं. पित्ताशय काढावं लागेल. वर सहा आठवडे औषध म्हणून विषाणू घ्यायचे, या जिवाणूंनाच खाणारे. मग तीन महिने तपासण्या. तोवर दुसऱ्यासाठी स्वयंपाक नाही."

"ईश्वरी कशी आहे?"

"दुसरं ऑपरेशन झालं. कालपासून पेज घेते. धोका पुरता टळला असं अजून म्हणत नाहीत."

हर्षदानं वहीचं पान घेतलं आणि मुख्याधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. चेंबर चौदावर दोन घरे आहेत. दुसरे माझे. जोडणी विनापरवाना, माझ्या सांगण्यावरून. जिवाणू माझ्या शरीरात सापडले. विषय क्रमांक सात मागे घ्यावा. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

अर्ज पोहोचून तासही झाला नसेल, नगराध्यक्ष तांबडे यांचा फोन आला. तांबडे तिच्याच पक्षाचे, मनानं वाईट नव्हते; फक्त प्रत्येक गोष्ट सभेच्या आधी मिटवण्याची त्यांना हौस होती.

"हर्षदाताई, काय हे? एवढी घाई? अर्ज अजून आवक रजिस्टरला चढलेला नाही, मी थांबवलाय. ऐका. विषय सात आपण स्थगित ठेवू. एक सभा, दोन सभा. तुम्ही तोवर गुपचूप ऑपरेशन करून घ्या, पोहे बंद करा. बेडूक आपोआप गप्प होईल. विजयाबाईंचं केंद्र चालू, तुमचं पद चालू. कोणाचं काय बिघडलं?"

हर्षदा खिडकीतून बघत होती. पलीकडच्या आळीत काकीच्या दाराशी एक बाई थबकली, आत डोकावली, आणि पिशवी तशीच घेऊन पुढे गेली.

मोह झाला नाही असं कोण म्हणेल? प्रभागातला एकेक नळ, एकेक दिवा तिनं भांडून आणला होता. कब्रस्तानची भिंत या सभेत होणार होती. तिच्या जागी येणारा ती करील का? आणि तांबडे म्हणत होते ते शास्त्राप्रमाणे बरोबरही होतं. ताप थांबला असता.

"स्थगित म्हणजे विषय तसाच राहणार ना, साहेब?"

"कागदावर हो. राहिला तर राहिला."

"कागदावर काकीचं नाव आहे. जोवर तो विषय उभा आहे तोवर तिच्या पोळ्या कोण घेणार? पद माझं आणि स्थगिती तिला?"

"तुम्ही भावनेच्या भरात..."

"रजिस्टरला चढवा. नाहीतर सोमवारी मी स्वतः येऊन चढवते, आणि पोच घेते."

तांबड्यांनी मोठा श्वास सोडला. "मग प्रभाग सहाची पोटनिवडणूक लागणार बघा. पुन्हा आचारसंहिता."

"लागू दे," ती म्हणाली.

रविवारी चारला अंगण भरलं. केंद्र बंद होणार म्हणून नेहमीपेक्षा जास्तच जणी आल्या होत्या. काकी मागे भिंतीशी टेकून बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी राहिली होती, कोणी मुद्दाम ठेवल्याचं दिसू नये अशी. मंदा बोरकर सकाळच्या बसनं कोल्हापूरहून कपडे न्यायला आली होती, तीही आली. केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले.

"ताई, आज परात दिसत नाही," कब्रस्तानामागच्या मोहल्ल्यातली कौसर म्हणाली. "आम्ही काय नुसतं इतिवृत्त खायचं?"

हशा झाला. हर्षदा हसली नाही. तिनं वाचायला घेतलं. छपरावर नेहमीचे टोमणे झाले. तिठ्याच्या नावावर दोघीजणी भांडल्या. कब्रस्तानच्या भिंतीवर कौसरनं मोजमाप सांगितलं, तिनं ते लिहून घेतलं. गाड्यांचा थांबा बंदरावर नको, शाळेपाशी हवा, असं ठरलं. मग विषय सात तिनं शब्दन्‌शब्द वाचला, 'एकमेव मालमत्ता' सकट.

"हे चूक आहे," ती म्हणाली. "त्या चेंबरवर माझं घरही आहे. पाइप मी चोरून जोडून घेतला. आणि ते तापाचे जिवाणू काकीत नाहीत. माझ्यात आहेत. काल तपासणी आली. तुमच्या फॉर्मवर लिहिलं होतं, बाहेरचं काय खाल्लं. तुम्ही माझे पोहे लिहिले नाहीत. ताप त्या पोह्यांतून आला. मला माहीत नव्हतं. पण पाइपाचं माहीत होतं, आणि पंधरा दिवस मी गप्प बसले. तसं लिहून दिलंय. माझं पद जाईल."

एकीनं नकळत पदर तोंडाशी नेला. कोणी काकीकडे बघितलं, कोणी जमिनीकडे.

मंदा उभी राहिली.

"डबा तुम्ही दिला होता."

"हो."

"तिला नको होता. भूक नाही म्हणत होती. मी म्हटलं, ताईंनी प्रेमानं दिलाय, दोन घास तरी खा." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मीच बसून खायला लावला."

क्षमा मागायचे शब्द हर्षदानं रात्रभर जुळवले होते. ते आता अर्जातल्या भाषेसारखे वाटले. "मंदा," एवढंच तिच्या तोंडून आलं.

मंदानं हात वर केला, नको म्हणून. तिनं चपला घातल्या, फाटकापर्यंत गेली, थांबली, आणि हर्षदाला ओलांडून मागे भिंतीकडे बघत म्हणाली, "काकी, सहाची बस आहे मला. बारा पोळ्या होतील का? आम्ही दोघं तिथे तीन आठवडे पाव खाऊन आहोत."

काकी गुडघ्यावर हात देऊन उठली. "होतील की. पीठ भिजवलेलंच आहे. चल, बस माझ्याकडे, चहा घे, मी लाटते." जाताना तिनं हर्षदाकडे नुसतं पाहिलं, आणि दोघी आळी ओलांडून गेल्या.

मग आणखी वीसेक जणी उठल्या. काही काकीच्या मागे गेल्या, काही आपापल्या घरी. कोण कशासाठी उठलं हे विचारायची सोय नव्हती. अंगणात दहा-अकरा जणी उरल्या. हर्षदानं कागद मांडीवर ठेवला आणि पान उलटलं.

"विषय क्रमांक आठ. नळपाणी योजनेच्या जुन्या टाकीची..."

"जरा मोठ्यानं वाचा, ताई," कौसर मागून म्हणाली. "इथवर ऐकू येत नाही."